हृदयाचं ऑपरेशन झालेल्या मुलीसाठी मास्क: कुठला ठेवला, कुठले परत केले

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते. सात वर्षांची माझी लेक मनू ऑपरेशन होऊन घरी आल्यावर तिच्यासाठी जो मास्क कामाचा ठरला तो म्हणजे साधा, लहान मापाचा, कानात अडकवायचा थ्री-प्लाय, म्हणजे तीन थरांचा, सर्जिकल मास्क. पन्नासचा डबा, एकशे ऐंशी रुपये, हॉस्पिटलसमोरच्या मेडिकलमधून घेतलेला. पाचपैकी चार स्टार. एकेक नग त्याच्या दहापट किमतीचे एन ९५, कार्टूनवाले, व्हॉल्व्हवाले, डोक्यामागून पट्टा असलेले, सगळे हाताळून झाल्यावर हे म्हणतेय.

मी इचलकरंजीत ब्लाउज आणि मुलींचे फ्रॉक शिवते. त्यामुळे वस्तू हातात आली की माझं लक्ष आधी शिवणीकडे, इलॅस्टिककडे आणि मापाकडे जातं, पाकिटावरच्या अक्षरांकडे नंतर. हा रिव्ह्यू त्याच नजरेचा आहे. औषधाचा सल्ला म्हणून वाचू नका, तो ज्याचा त्याच्या डॉक्टरांकडून घ्यायचा.

थोडी पार्श्वभूमी. मनूच्या शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप तिच्या छातीवर जरा जास्तच वेळ धरला आणि टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या म्हणाले. निघालं एएसडी, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र. पुष्कळ मुलांना पायाच्या शिरेतून तार घालून छिद्र बुजवणारी छत्रीसारखी चकती बसवतात आणि काम होतं. मनूच्या छिद्राला छत्री धरून राहील अशी कड नव्हती, म्हणून छाती उघडून ऑपरेशन झालं, पुण्याला. ऑपरेशन उत्तम झालं, त्याबद्दल लिहायला बसले तर वेगळीच वही लागेल.

डिस्चार्जच्या वेळी सिस्टरनी सांगितलेलं महत्त्वाचं हे: छातीचं मधलं हाड तारांनी जोडलेलं आहे, ते नीट जुळायला सहा ते आठ आठवडे जातात. तोवर काखेत हात घालून उचलायचं नाही, तिने दोन्ही हात ताणून ओढाओढ करायची नाही, खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं. गर्दीत न्यायचं नाही. तपासणीला ओपीडीत आणाल तेव्हा मास्क. कारण साधं आहे, अशा लेकराला सर्दी-खोकला झाला तर प्रत्येक ठसक्याला छाती दुखते, आणि दुखतं म्हणून ती खोकत नाही, मग कफ आत साचतो.

आता मास्क घ्यायला मी मेडिकलमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलाने न विचारता एन ९५ पुढे केला. “वहिनी, हा घ्या, किड्स साइज, एकदम सेफ. हार्ट पेशंटला हाच देतो आम्ही.”

मास्क चांगला होता, खोटं का बोलू. कपसारखा आकार, नाकावर स्पंज, डोक्यामागून जाणारे दोन पट्टे. एक मानेवर, एक टाळूच्या मागे. खरे एन ९५ असेच असतात, कारण हवा कडेने निसटू नये म्हणून ते चेहऱ्याला घट्ट बसावे लागतात आणि कानातल्या इलॅस्टिकने तेवढा ताण येत नाही. पण हाच घट्टपणा माझ्या लेकीसाठी अडचणीचा. छातीचं हाड नुकतं जोडलेलं, ती हात डोक्यामागे कसा नेणार? तिला केस विंचरायलासुद्धा हात वर नेता येत नव्हता. म्हणजे मास्क मी घालणार, मीच काढणार, आणि मधल्या काळात तिला ओकारी आली, गुदमरल्यासारखं झालं, नुसती खाज आली तरी ती माझी वाट बघणार. मी दुकानातच तिला दाखवून म्हटलं, “मनू, काढ बघू एका हाताने.” तिने पुढून ओढला, तो नाकावरून हनुवटीवर आला आणि पट्टा गळ्याशी ताणला गेला. परत दिला.

मुलांचा मास्क घेताना माझी पहिली परीक्षा हीच राहिली आहे: लेकराला तो स्वतःहून, एका हाताने, पुढच्या बाजूने काढता येतो का? येत नसेल तर त्यात कितीही टक्के गाळणी असो, मला नको. ऑपरेशन छातीचं असेल तर दुपटीने नको. कानात अडकवायचा साधा मास्क एका बाजूने बोटाने खेचला की सुटतो, कोपर खांद्याच्या वर न्यावं लागत नाही.

दुसरं म्हणजे “किड्स एन ९५” या नावाबद्दल. एन ९५ हा अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचा दर्जा आहे, ०.३ मायक्रॉनचे, म्हणजे अगदी बारीक, कण निदान ९५ टक्के अडवले पाहिजेत असा, आणि तो कामावरच्या मोठ्या माणसांसाठी आहे. मुलांच्या मापाला ती संस्था मान्यता देत नाही. आपल्याकडे अशा गाळणीच्या मास्कसाठी आयएस ९४७३ आणि सर्जिकल मास्कसाठी आयएस १६२८९ हे बीआयएसचे, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचे, मानक आहेत. पाकिटावर आयएसआयचा शिक्का आणि त्याच्याशी हा आकडा दिसला तर बरं. नुसतं “एन ९५ टाइप” किंवा “मेडिकल ग्रेड” लिहिलेलं असेल तर ते आमच्याकडे दुकानाच्या पाटीवर लिहितात त्या “फॅन्सी”सारखंच समजायचं. आमच्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, हिला एन ९५ ची गरज नाही, मापाचा सर्जिकल पुरे. कॅन्सरची औषधं चालू असलेल्या किंवा बोन मॅरो बदललेल्या मुलांचा हिशेब वेगळा असतो, त्यांना त्यांचे डॉक्टर सांगतील तोच घाला.

व्हॉल्व्हवाल्याचं, म्हणजे पुढे झडप असलेल्या मास्कचं, एका ओळीत: आत घेतलेली हवा गाळतो, बाहेर सोडलेली तशीच सोडतो. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जुलै २०२० मध्ये राज्यांना पत्र लिहून त्याबद्दल सावध केलं होतं, तरी दुकानात तो अजून “श्वास घ्यायला सोपा” म्हणून विकला जातो. ओपीडीच्या बाकावर शेजारी दुसरंच ऑपरेशन झालेलं लेकरू बसलेलं असतं, त्याचाही विचार करायला हवा ना.

आता मी जो ठेवला त्याच्याबद्दल. घरी आणून पहिलं काम केलं ते कात्रीने एक मास्क उभा फाडला. आत तीन थर निघाले, बाहेरचा निळा, आतला पांढरा आणि मधे एक मऊ, कागदासारखा पातळ थर, तोच खरा गाळणारा. त्याला मेल्टब्लोन म्हणतात. त्याच्या धाग्यांवर विजेचा हलका भार असतो, त्याने बारीक कण चिकटतात. म्हणूनच हे मास्क साबणाने धुवायचे किंवा सॅनिटायझर मारून पुन्हा वापरायचे नाहीत, भार निघून जातो आणि उरतं ते नुसतं कापड. शनिवारच्या बाजारातून दीर आणखी एक स्वस्त पाकीट घेऊन आले होते, तेही फाडलं. त्यात मधला थरच नव्हता, दोन पदर चिकटवून दिले होते. ते मी कटिंगच्या वेळी नाकात कापसाची धूळ जाऊ नये म्हणून वापरून संपवले.

माप हा दुसरा मुद्दा, आणि इथे शिंपिणीचं ऐका. मोठ्यांचा मास्क साधारण साडेसतरा सेंटिमीटर रुंद असतो, मुलांचा साडेचौदा. उंची दोन्हीकडे बहुधा साडेनऊच. मोठ्यांचा मास्क इलॅस्टिकला गाठ मारून मुलाला घालतात ते मी ओपीडीत कितीतरी वेळा पाहिलं. गाठ मारली की इलॅस्टिक लहान होतं, कापड नाही होत. गालाजवळ दोन्ही बाजूंना चोच उघडते, हवा तिथूनच ये-जा करते, आणि वरची कड डोळ्यात जाते म्हणून पोर सारखं हात लावतं. ऑपरेशनच्या जागी हात, मग मास्कला हात, मग परत टाक्यांना हात. मास्क न घातलेला परवडला.

मनूला साडेचौदाचा छान बसला. वरची कड नाकाच्या हाडावर, खालची हनुवटीच्या खाली दुमडून. बोलताना घसरत नाही. इलॅस्टिक मऊ, चपटं आणि कानामागे वळ न उठवणारं. ते शिवलेलं नसतं, यंत्राने वितळवून चिकटवलेलं असतं, त्यामुळे तुटलं तर सुईने जोडायला जाऊ नका. सुईची भोकं म्हणजे गाळणीला भोकं. टाकून नवा घ्यायचा, साडेतीन-पावणेचार रुपयांचा तर प्रश्न.

कानाला त्रास होतो म्हणून डोक्यामागे बटणं लावलेली पट्टी मिळते, इलॅस्टिक त्या बटणांना अडकवायचं. मी पाच मिनिटांत शिवली असती. नाही शिवली, कारण मग पुन्हा तोच डोक्यामागचा प्रकार. गळ्यात मास्क लटकवायच्या दोऱ्या आणि मण्यांच्या साखळ्याही दुकानात टांगलेल्या असतात, दिसायला गोड. खेळणाऱ्या पोराच्या गळ्यात न तुटणारी दोरी घालणं मला पटत नाही, दाराच्या कडीला अडकायला वेळ लागत नाही. कार्टूनच्या मास्कवर चिकटवलेले डोळे, टिकल्या, चमकी हे सगळं तोंडापासून दोन बोटांवर असतं आणि निघतं. सिलिकॉनचा पिंजरा मिळतो, मास्कच्या आत बसवायचा, “श्वासाला जागा होते” म्हणून. तो सुटून तोंडापाशी येतो. यातलं काहीच मनूसाठी घेतलं नाही. तिला फुलपाखरू हवं होतं तर निळ्या बाजूला पेनाऐवजी क्रेयॉनने काढू दिलं.

मास्क कधी घालायचा नाही, हे कुठल्याच डब्यावर लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते एक स्टार कापायला तेवढंही पुरेसं होतं. आम्हाला ते वॉर्डातल्या सिस्टरकडून कळलं. शेजारच्या कॉटवर नऊ-दहा महिन्यांचं बाळ होतं, त्याचंही हृदयाचंच ऑपरेशन. भेटायला माणसं आली तशी त्याच्या आजीने मोठ्या मायेने त्याला छोटा मास्क बांधला. सिस्टर लांबून धावत आल्या. “आजी, काढा तो आधी. बाळाला नाही घालायचा, तुम्ही घाला. आलेल्या पाहुण्यांना घालायला लावा.” आजींना वाईट वाटलं असेल, पण गोष्ट खरी होती. दोन वर्षांखालच्या मुलाला मास्क कधीच नाही, त्याला तो काढता येत नाही आणि गुदमरलं तर सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ऑगस्ट २०२० मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांवर मास्कची सक्ती नको म्हटलं. आपल्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जून २०२१ मध्ये पाच वर्षांपर्यंत मास्कची शिफारसच नाही, सहा ते अकरा वयात मुलाला नीट वापरता येत असेल तर पालकांच्या देखरेखीखाली, असं सांगितलं. हे सगळं कोरोनाच्या वेळचं, आणि तेही धडधाकट मुलांसाठी. ऑपरेशन झालेल्या लहान मुलाला मास्क घालताना आपण त्याहून कमी जपून तर नाही ना वागू शकत. मनू सात वर्षांची म्हणून तिला चाललं, ती चार वर्षांची असती तर मी मास्क विकत घेतला असता तो माझ्यासाठी आणि घरच्यांसाठी.

तर कधी नाही: झोपेत नाही. भुलीच्या किंवा दुखण्याच्या औषधाची गुंगी असेल तेव्हा नाही. उलटी होईलसं वाटत असेल तेव्हा नाही. पुण्याहून घरी येताना सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर गाडीत बसायचं होतं आणि मनूला गाडी लागते. धुळीची काळजी म्हणून आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, मास्क घाल म्हणत होत्या. मी सिस्टरना फोन लावून विचारलं. त्या म्हणाल्या, गाडीत घरचीच माणसं आहेत, काचा लावा, तोंड मोकळं ठेवा. कराडच्या पुढे ती ओकलीच. तोंडावर मास्क असता तर ते सगळं नाकाशी अडलं असतं.

तीन चेंडूंचं ते श्वास आत ओढायचं यंत्र देतात ना, श्वासाच्या व्यायामाचं, तो व्यायाम झाल्या झाल्याही लगेच नाही. लेकरू दमलेलं असतं. जिना चढताना नाही, धावताना तर नाहीच, तसंही तिला धावायला बंदी होती.

आणखी एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती पण पहिल्या ओपीडीलाच जाणवली. मास्क ओठ झाकतो. हृदयाच्या लेकराच्या आईला ओठ बघायची सवय लागलेली असते. निळसर दिसतात का, फिके पडलेत का, हे आपण दिवसातून कितीदा बघतो याचा हिशेब नसतो. मास्क घातला की ते दिसेनासं होतं. म्हणून रांगेत असताना मी अधूनमधून तिला बाहेर व्हरांड्यात नेऊन मास्क उतरवायची, पाणी पाजायची, चेहरा बघायची, नखं बघायची. नात्यातल्या एका मुलाचं टॉन्सिलचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याच्या आईलाही मी हेच सांगितलं. टॉन्सिलमध्ये नंतर आठवडाभरातही रक्त येऊ शकतं, आणि मूल ते गिळत राहतं. सारखं गिळतंय का, ओठांना लाल लागलंय का, हे दिसायला तोंड उघडं हवं.

मास्कने ऑक्सिजन कमी होतो, हा मेसेज आत्यांना व्हॉट्सॅपवर कुणीतरी पाठवलाच होता. आमच्याकडे बोटाला लावायचं ऑक्सिमीटर होतं. मास्क घालून बसवलं, काढून बसवलं, आकडा तोच. इटलीत ४७ लहान मुलांना अर्धा तास मास्कशिवाय आणि अर्धा तास सर्जिकल मास्क लावून तपासलं होतं, २०२१ मध्ये तो अभ्यास आला, त्यातही ऑक्सिजनमध्ये फरक पडला नाही. अर्थात ती मुलं निरोगी होती. ज्यांचं ऑपरेशन अजून पुरं व्हायचंय, ज्यांचा आकडा मुळातच कमी असतो, त्यांनी हे वाचून ठरवू नये.

कापडी मास्कबद्दल विचाराल म्हणून लिहिते, कारण मी स्वतः शिवलेत. २०२० मध्ये इचलकरंजीत ज्याच्या घरी मशीन होतं तो मास्कच शिवत होता, आणि सुती कापडाचे, तीन पदरी, अगदी नाकाला चुण्या घातलेले मास्क मी गल्लीभर वाटले. ऑपरेशन झालेल्या मुलाला मात्र मी माझा स्वतःचा कापडी मास्क घातला नाही. सुती कापड तोंडाच्या वाफेने लवकर ओलं होतं, ओलं झालं की श्वास जड होतो, आणि दर वेळी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचा शिस्तशीरपणा दवाखान्याच्या धावपळीत कुणाकडून होतो? थ्री-प्लायही ओला झाला की बदलायचाच. ओपीडीला जाताना पिशवीत चार-पाच सुटे ठेवायचे, स्वच्छ कागदी पाकिटात, पर्समध्ये नोटांबरोबर नाही.

कापलेला स्टार कशासाठी, ते आता. नाकावरची तार. मुलांच्या मापात ती आखूड असते आणि काही नगांत तिचं टोक शिवणीच्या बाहेर डोकावतं, डोळ्याच्या खाली टोचेल असं. घालण्याआधी वरच्या कडेवरून बोट फिरवा, टोक लागलं तर तो मास्क बाजूला टाका. मुलाचा एमआरआय असेल तर तार असलेला मास्क आत नेऊच नका. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, डिसेंबर २०२० मध्ये त्याबद्दल सूचना काढली होती, मास्कमधल्या धातूने एका पेशंटचा चेहरा भाजला होता. तिथला टेक्निशियन विचारतोच, पण आपल्यालाही माहीत असावं.

डबा घेताना तयार झाल्याची आणि मुदतीची तारीख बघा, कारण जुना माल काही दुकानांत पडून असू शकतो आणि त्याचं इलॅस्टिक ओढलं की तुटतं. उघडल्यावर उग्र वास आला तर वास जाईल म्हणून एक दिवस उघडा ठेवू नका, सरळ परत द्या. आमच्या मेडिकलवाल्याने मात्र फोडलेला डबा बदलून दिला नाही, त्यामुळे आधी एक सुटा नग मागून लेकराला दुकानातच घालून बघा. वापरलेला टाकताना दोन्ही इलॅस्टिकं कापून टाका.

माप: १४.५ बाय ९.५ सेंटिमीटर, डब्यावर “चाइल्ड” लिहिलेलं असतं. पाच वर्षांपर्यंतच्या लेकरासाठी विचारत असाल तर मोठ्यांचा डबा घ्या, आणि तो घरात येणाऱ्या पाहुण्यांसाठी दाराशी ठेवा.